मण्यारीचा तिसरा अंक

टेकचंद नाटककाराने आजवर जेवढी म्हणून नाटकं लिहिली, त्या सगळ्यांत नाग डसला, नागिणीने सूड घेतला आणि भगताने मंत्र म्हणून विष उतरवलं. नावं तेवढी बदलायची. त्याचं गाव भंडारा जिल्ह्यात, आसगावच्या थोडं पुढे. दिवाळी झाली की तिकडे गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, लेकी-जावई आणि पाहुणे जमतात, दिवसा दंडार नाचून होते आणि रात्री नाटक लागतं. या गावात नाटक म्हणजे टेकचंदचं. दुसरं कुणी फुकट लिहून देत नसे, हे त्यातलं खरं कारण.

एरवी हा माणूस मोटारपंपाचं वाइंडिंग करायचा. त्या कामात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. वेढा चुकला तर मोटार जळते, हे तो गिऱ्हाइकाला दम देऊन सांगायचा. आणि संध्याकाळी लिहायला बसला की त्याचा नाग दूध प्यायचा, पुंगीवर डोलायचा आणि डोळ्यांत मारेकऱ्याचा फोटो साठवून ठेवायचा. बायको सुलोचनाबाई एकदा म्हणाली, "अवो, मोटारीत एक तार अंदाजानं जोडत नाई तुमी, मंग नाटकात सारं अंदाजपंचे कसं चालते जी?" तिला कलेतलं काही कळत नाही असं सांगून टेकचंदने चहा मागितला.

यंदा धानाची रोवणी आटोपली तेव्हा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर अपेक्षा मॅडम शाळेत सर्पदंशावर बोलायला आल्या. टेकचंद सगळ्यांत पुढच्या खुर्चीत जाऊन बसला. सापांवर आपलाही अभ्यास आहे, बाईंना चार गोष्टी आपणही सांगू, असा त्याचा बेत होता.

मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं की साप दूध पीत नाही आणि पुंगीवर डोलत नाही. तो वाजवणाऱ्याच्या हालचालीवर डोलतो. टेकचंदचे दोन अंक तिथेच निकालात निघाले. मग त्या म्हणाल्या, "चावणारे बरेचसे साप बिनविषारीच असतात. विषारीसुद्धा कधी कधी विष न सोडता चावतो. असा माणूस मंत्राने बरा होतो, पाणी शिंपडून होतो, आणि काहीच नाही केलं तरी होतो." सगळ्या गावाने वळून मागे पाहिलं. मागे भिंतीला टेकून केवळराम भगत बसला होता. टेकचंदचा तो लहानपणचा मित्र, एका बाकावर बसून दोघांनी मार खाल्लेला. गावात साप चावला की पहिला उंबरठा त्याचाच. तो शांतपणे छताचे पत्रे बघत राहिला.

शेवटी मॅडम मण्यारीवर आल्या. "ही फुत्कारत नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावते, आणि पुष्कळदा त्याला कळतही नाही. सूज नाही, जळजळ नाही, दाताची खूणही धड दिसत नाही. सकाळी पोट दुखतं. मग पापण्या पडतात, आवाज नाकातून येतो, थुंकी गिळता येत नाही, आणि श्वास मंदावत जातो. हात हलत नाही, डोळा उघडत नाही, म्हणून घरचे रडायला लागतात. पण त्याला सगळं ऐकू येत असू शकतं. वेळेवर दवाखान्यात आणला तर तो उठून बसतो."

टेकचंदचा चहा हातात गार झाला. इतकी वर्षं त्याने रंगमंचावर प्लॅस्टिकचा नाग फुत्कारत ठेवला, आणि इथे हा साप, चावल्याचा पत्ता लागू देत नाही! खलनायक असावा तर असा. आणि ती मेल्यासारखी पडलेली, पण सगळं ऐकणारी बाई! तिच्या उशाशी बसून सासू रडते, नवरा रडता रडता दुसऱ्या लग्नाचं बोलतो, जावा तिच्या पाटल्यांवरून भांडतात, आणि ती ऐकते आहे. प्रेक्षकांना माहीत, घरच्यांना नाही. हा आख्खा तिसरा अंक डॉक्टरीणबाईने फुकटात वाटला होता आणि गाव जांभया देत बसलं होतं. टेकचंदला गहिवरून आलं.

मग त्याने आरोग्य केंद्राचे उंबरे झिजवले. "मॅडम, पापण्या पडल्यावर हिरोइनले गाणं म्हणता येईन का जी?"

"थुंकी गिळता येणार नाही, गाणं कुठलं?"

"मंग गाणं आधी घेतो," टेकचंद म्हणाला, आणि मोटार बांधावी तसं एकेक लक्षण क्रमाने लावत त्याने नाटक लिहिलं. पहिल्यांदाच त्याने काही खोटं घातलं नाही, आणि पहिल्यांदाच त्याला लिहिताना झोप आली नाही. दुसऱ्या अंकात भगत हरायचा आणि तिसऱ्यात मरायला टेकलेली बाई दवाखान्यात उठून बसायची.

गावच्या नाट्यमंडळासमोर नाटक वाचलं तेव्हा अध्यक्ष नत्थूने डोकं खाजवलं. "सारं चांगलं हाय. पण भगत हरते कसा?"

"विज्ञानानं हरते," टेकचंद म्हणाला.

"मंग मंडईची पूजा विज्ञानालेच सांगा," केवळराम कोपऱ्यातून म्हणाला. गावदेवाची पूजा त्याने केल्याशिवाय मंडई भरत नसे, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं. "तिसऱ्या अंकात भगतानं बाई उठवली पायजे. नाईतर मी पूजेले येत नाई."

नत्थूने लगेच निकाल दिला की तिसरा अंक बदलायचा. टेकचंद तणतणत घरी आला. आयुष्यात एक नाटक धड जमलं होतं, आणि त्याचा शेवट एका भगताच्या मानापानापायी कापायचा! तालमी सुरू झाल्या तरी तिसरा अंक त्याने काही बदलला नाही. आज देतो, उद्या देतो करत राहिला. मंडई जवळ येत गेली.

धानाची मळणी चालू होती म्हणून तालीम सकाळीच शाळेच्या व्हरांड्यात व्हायची. एके सकाळी तालीम ऐन रंगात असताना केवळराम खळ्यावरून आला. धान राखायला तो तिथे तणसावर, धानाच्या पेंढ्यावर, झोपत होता. दारातच त्याने पोट धरलं. त्याच्या पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या. त्याने काहीतरी म्हटलं, ते नाकातून आलं आणि कुणाला कळलं नाही.

व्हरांडा हसून लोटपोट झाला. "पाहा बे, भगत बी पार्ट करून राहिला!" नाटकातला हिरो अमर ओरडला. नत्थूने टाळ्या वाजवल्या. हिरोइनचं काम करणारी नाटक कंपन्यांच्या वडशाहून आलेली डिंपल, जिला पापण्या पाडायला आठवडाभर जमलं नव्हतं, ती तर थक्कच झाली. केवळराम खांबाला धरून खाली बसला, तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. महिनाभर तालीम बघणाऱ्या गावाला आपल्या भगताचा इतका चांगला अभिनय पाहून अभिमान वाटला.

टेकचंदही बघत होता. खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला होता. आपण लिहिलेलं असं डोळ्यांसमोर उभं राहिलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. पापण्या आपण फार लवकर पाडतो, त्या अशा हळूहळू उतरायला हव्यात, अशी सूचनाही त्याच्या मनात तयार झाली. मग केवळरामच्या ओठाच्या कोपऱ्यातून थुंकी गळली. ते कुणी तालमीत करून दाखवत नव्हतं, कारण ते डिंपलला किळसवाणं वाटलं होतं. पुढच्या पानावर काय आहे हे टेकचंदला पाठ होतं.

"अबे, नाटक नाई हे!" तो ओरडला. "मण्यार हाय! नत्थू, गाडी काढ!"

नत्थूच्या पिकअपमध्ये केवळरामला आडवं टाकलं. नत्थू चालवत होता, मागे अमर आणि टेकचंद. केवळरामचे डोळे मिटले होते, हात लुळे पडले होते, छाती जेमतेम हलत होती. "मेला त मंडई पुढं ढकला लागन," नत्थू पुढून ओरडला, "पाहुण्याईले सांगावे गेले ना बे!" अमर म्हणाला, पूजेला शेजारच्या कोंढा गावचा भगत मिळतो का बघू, तोही बरा आहे. टेकचंद घाबरून बडबडत सुटला होता. "पापण्या पाह्य, अमर! जशा लिवल्या तशाच पडल्या! मॅडमनं सांगतलं तशाच!"

आरोग्य केंद्रात मॅडमनी प्रतिविष चालू केलं, तोंडावर फुगा लावून श्वास देत त्याला रुग्णवाहिकेतून भंडाऱ्याला नेलं. काही दिवस केवळराम यंत्राच्या श्वासावर राहिला आणि मग खरंच उठून बसला. टेकचंदचा जीव भांड्यात पडला. मित्र वाचला होता, आणि त्याच्याबरोबर तिसरा अंकही वाचला होता. आता हा स्वतःच गावाला सांगेल, दुसरा पुरावा कशाला?

केवळराम परत आला, तेव्हा सारं गाव त्याच्या अंगणात जमलं. "काय जी भगत, कसे वाचले?" कुणीतरी विचारलं. केवळरामने कपाळाला अंगारा लावला. "आतल्या आत मंत्र म्हणून राहिलो होतो ना," तो म्हणाला. "मण्यार आली अन् हरून गेली."

बायाबापड्या पाया पडायला रांगेत लागल्या. टेकचंदच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डॉक्टरीण राबली, यंत्र राबलं, आणि श्रेय हा घेतो! त्या दिवसापासून त्याने केवळरामशी बोलणं टाकलं आणि नत्थूला ठणकावून सांगितलं, शेवट माझाच राहील. केवळराम आता पूजेची अट घालील म्हणून तो भांडायला कमरेत पदर खोचल्यासारखा तयार होता. पण केवळराम नुसता म्हणाला, "राहू द्या. जसं लिवलं तसंच होऊ द्या."

मंडई झाली, पूजा झाली, नाटक झालं. डिंपलच्या पापण्या हळूहळू उतरल्या. जावा पाटल्यांवरून भांडल्या तेव्हा बाया पदर तोंडाला लावून रडल्या. भगत हरला, डॉक्टरीण आली, बाई उठली आणि मंडप टाळ्यांनी दणाणला. पहिल्या रांगेत बसलेल्या नत्थूनेही डोळे पुसले. विज्ञानाने गाव जिंकलं असं टेकचंदला वाटलं, आणि गळ्यातला हार न काढताच तो घरी गेला.

सकाळी गुरांना तणस काढताना नत्थूच्या आईला, पार्वताबाईला, काहीतरी चावलं. आरडाओरडा ऐकून टेकचंद धावला. पिकअप उभी होती, पण ती आरोग्य केंद्राच्या वाटेवर नव्हती; केवळरामच्या दारात होती. ज्या गाडीतून भगताला दवाखान्यात नेलं, त्याच गाडीतून नत्थू आपल्या आईला भगताकडे घेऊन आला होता.

"अबे नत्थू!" टेकचंद किंचाळला. "काल नाटक पाहिलं ना तू? रडला ना बे?"

"ते नाटक होतं जी," नत्थू म्हणाला. "हे माही माय हाय."

टेकचंदला तोंडात मारल्यासारखं झालं. केवळराम तोवर बाहेर आला होता. त्याने म्हातारीच्या कपाळाला चिमूटभर अंगारा लावला, ओठ हलवले, आणि पाणीही न शिंपडता मागे सरला. "भारलं. पण नीट आयक, नत्थू. माह्यावर मण्यार उतरली तवापासून मंत्राचा नेम बदलला. आता हा इथं लागत नाई. दवाखान्याची सुई टोचली का तवाच लागते. अन् वाटेत गाडी थांबली का उतरून जाते. पळव!"

नत्थूने त्याचे पाय धरले आणि गाडी धुरळा उडवत आरोग्य केंद्राकडे सुटली. इतक्या वर्षांत त्या दारातून दवाखान्याकडे इतक्या लवकर कुणी गेलं नव्हतं.

अंगणात दोघंच उरले. "झूट बोलला तू," टेकचंद म्हणाला. इतक्या दिवसांनी तो केवळरामशी बोलत होता.

"हो. तू तीन अंक खरं बोलला. एक तरी गाडी हालली?"

टेकचंदने विचारलं, "हे तुले सुचलं कवा?"

"तुमच्या गाडीत," केवळराम ओट्यावर बसला. "कान चालू होते बे, मॅडमनं सांगतलं तसेच. एकानं मंडईची तारीख काढली, एकानं कोंढ्याचा भगत काढला, अन् तू माह्या पापण्याईची तारीफ करून राहिला होता. मंत्र म्हणाची आठवण एकालेही नाई आली. मले बी नाई आली." "तवा समजलं का मंत्रात काई नाई. पण लोकं आधी माह्याच दारात येतीन. तुह्या नाटकानं नाई थांबत ते. मंग त्याईले दारातूनच पुढं ढकला लागते."

टेकचंदही ओट्यावर टेकला. दुपारी नत्थूचा फोन आला, तो केवळरामला. मॅडमनी सुई टोचली आणि मंत्र लागला, माय बोलायला लागली, म्हणून तो रडत होता. ओट्यावर बसलेल्या टेकचंदला ते सगळं ऐकू आलं. म्हातारी वाचली याचा त्याला आनंद झाला, पण त्याहून जास्त त्याचा जळफळाट झाला. ज्ञान त्याने मिळवलं, उंबरे त्याने झिजवले, अंक त्याने लिहिले, आणि त्यातून माणूस जगवणारी गोष्ट रचली ती या ढोंग्याने.

घरी येऊन तो लिहायला बसला. सुलोचनाबाईने चहा ठेवत विचारलं, "आता कायचं नाटक जी? यात तरी भगत जिंकते का?"

"जिंकते," टेकचंद दात खात म्हणाला. "शेवट त्यानंच लिवला हाय."