बटाटे काढणाऱ्या बायका

हूफडॉर्प ह्या डच गावातल्या आमच्या वसाहतीच्या सभागृहात एक जुनं चित्र टांगलेलं आहे. पोल्डरच्या शेतात बायका बटाटे काढतायत. सात जणी कमरेतून वाकलेल्या, एक मात्र मध्येच ताठ उभी, हात कमरेवर. डाव्या कोपऱ्यात कॉफीची किटली घेतलेली एक पोर. इम्प्रेशनिस्ट म्हणतात तसलं, सगळं ब्रशच्या फटकाऱ्यांत उरकलेलं. उभ्या बाईचा चेहरा म्हणजे तपकिरी रंगाचे दोन ठिपके. ना नाक, ना डोळे. तरी त्याच्यापुढे उभं राहिलं की आमच्या विल्माचा ऊर भरून येतो. तळं उपसून ही पोल्डरची जमीन केली ती आम्ही, ह्या बायका म्हणजे आम्हीच, असं ती प्रत्येक नव्या माणसाला ऐकवते.

२०१६ च्या सप्टेंबरात, वसाहतीच्या वाढदिवसाला, हेच चित्र जिवंत माणसांचं करायचं आणि त्याचा फोटो मूळ चित्राशेजारी कायमचा लावायचा असं समितीनं ठरवलं. समिती म्हणजे विल्माच. भाग घेणाऱ्या आठही जणींना उभी बाई व्हायचं होतं. भिंतीवर कायमची पाठ द्यायला कोण तयार होणार? शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. मी निघाले वाकलेल्यांत, आणि उभी बाई निघाली उत्तरा.

उत्तरा माझी शेजारीण, पुण्याची. नवरा रुचिर आयटीत, मुलगी संहिता दहा वर्षांची. उत्तरानं घासून डच शिकलं, परीक्षा दिल्या, पासपोर्टसुद्धा बदलला. आणि तरी ही बेकरीत डचमध्ये पाव मागायची आणि काउंटरवरची मुलगी इंग्रजीत उत्तर द्यायची. ते तिला फार लागायचं.

"चित्राताई, आता त्या भिंतीवर मी असणार," ती मला म्हणाली. "सगळ्यांच्या मधोमध. मग बघू कोण विचारतं, परत कधी जाणार म्हणून."

किटलीवाली पोर संहिता होती. ह्या बाईसाहेब इथल्याच जन्माच्या. मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून फक्त डच. आईचे उच्चार चारचौघांत सुधारायची भारी हौस.

रंगीत तालमीला आम्ही सगळ्या हिरवळीवर जमलो. डोक्याला रुमाल बांधले, टोपल्या घेतल्या. उत्तरा मध्ये उभी राहिली, हात कमरेवर. छान दिसत होती, उगीच कशाला नाही म्हणू? तेवढ्यात संहिता तरातरा विल्माकडे गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "ती बाई डच आहे. माझी आई तिथं उभी राहिली तर सगळा वर्ग हसेल. तिला वाकवा. रुमाल पुढे ओढला की तोंड दिसणार नाही."

विल्माचे कान लाल झाले. "चित्रात तोंडच नाहीये, बाळ," ती म्हणाली. "कोणीही उभं राहू शकतं."

"पण ती कोण होती ते सगळ्यांना माहीत आहे," संहिता म्हणाली. "चित्र चित्रासारखं दिसलं पाहिजे."

माझे हात शिवशिवले. दुसऱ्याची पोर, म्हणून गप्प बसले. उत्तरानं रुचिरकडे पाहिलं. तो सायकलला टेकून उभा होता.

"अगं, जाऊ दे ना," तो म्हणाला. "शाळेत तिला रोज फेस करावं लागतं. तुला काय फरक पडतो? व्हॉट डिफरन्स डज इट मेक?"

उत्तरानं रुमाल कपाळावर ओढला आणि ती माझ्या शेजारी येऊन वाकली. तिच्या जागी इंगे उभी राहिली. पलीकडच्या गल्लीतली, उंच, गोरीपान.

कार्यक्रमाच्या दिवशी वसाहत लोटली होती, संहिताचा अर्धा वर्गसुद्धा. फोटोवाला आला. आम्ही ओल्या मातीत वाकलो. किटली घेऊन संहिता कोपऱ्यात उभी राहिली, वेणी नीट केली. इंगेनं कमरेवरचा हात काढला आणि गोड आवाजात विल्माला विचारलं, "चित्र चित्रासारखंच करायचं असेल तर ही मुलगी कशी चालेल? तिचं तर तोंड समोर आहे. माझी लोट्टे आलीय, तिला उभी करू या का?"

विल्माची पंचाईत झाली. ती चिखल तुडवत आमच्याकडे आली आणि उत्तराजवळ उकिडवी बसली. "मी तुझ्यावर सोडते. तू म्हणशील तर संहिताच राहील. मग कोणाचं काही चालू देणार नाही मी."

एक शब्द टाकायचा होता फक्त.

"आई," संहिता कोपऱ्यातून म्हणाली. मराठीत. "आई, सांग ना त्यांना. प्लीज, आई."

उत्तरानं मान वर केली नाही. मातीत हात तसेच ठेवून ती डचमध्ये बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, एकही उच्चार न चुकता. "संहिता बरोबर बोलली होती. लोट्टेला घ्या."

लोट्टेनं किटली घेतली. वर्गातली पोरं फिदीफिदी हसली. संहिता रुचिरच्या मागं लपायला गेली, तर तो फोनवर कोणाशी तरी बोलत होता.

मला तिची दया आली का? नाही आली. मला बरं वाटलं, पोटभर बरं वाटलं. मग शेजारी पाहिलं. रुमालाखाली उत्तराचं तोंड फक्त मलाच दिसत होतं. ती रडत असेल असं मला वाटलं होतं. ती हसत होती, आणि मला भीती वाटली.

फोटो झाला. टाळ्या पडल्या. संहिता हमसून हमसून रडायला लागली होती. माझी कंबर भरून आली होती.

"उत्तरा, ऊठ," मी म्हटलं. "जा तिच्याकडे."

"अजून एक काढू का?" फोटोवाल्यानं विचारलं.

"काढा," उत्तरा म्हणाली. "घाई नाही."