महाराणीचा पेंढा

महाराणी म्हणजे गोठ्यातली सगळ्यांत नखरेल गाय. कोरडा पेंढा समोर टाकला की नाक मुरडायची आणि बरगड्या दाखवत उभी राहायची. शेवटी तिला विकायला सासऱ्यांनी गुरांच्या दलालाला बोलावणं धाडलं.

सून आडवी आली. गुरांच्या डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापानं युरियाचं पाणी शिंपडून तिनं पेंढा प्लॅस्टिकखाली दाबून ठेवला होता. आज तो उघडायचा. महाराणीनं खाल्ला तर ती घरची, नाहीतर दलालाची.

"खत घालणार गाईला?" सासरे म्हणाले.

"मामंजी, तिच्या पोटातल्या जंतूंना. ते त्याची प्रथिनं करतात."

"बघा! इतकी वर्षं बिचाऱ्या जंतूंना कुणी विचारलंच नव्हतं!"

दलाल खदखदून हसला. हसण्याचे पैसे पडत नाहीत, नाहीतर तो एवढा हसला नसता.

सुनेनं प्लॅस्टिक ओढलं आणि घाईघाईत कवळाभर पेंढा थेट गव्हाणीत टाकला. असा भपकारा आला की तिघांच्या डोळ्यांना धारा लागल्या. महाराणी फुरफुरून मागे सरली.

"झालं!" डोळे पुसत सासरे म्हणाले. दलालानं कासरा सोडायला घेतला.

"थांबा!" सुनेच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "वारा द्यायचा राहिला! आधी वास उडू द्यायचा असतो. मामंजी, दलालांना चहा द्या!"

तिनं मोकळ्या अंगणात, दलालाच्या टेम्पोच्या मागेच, पेंढा पसरला. उलटला, झटकला, पुन्हा उलटला, मग टेम्पोच्या मागच्या फळकुटाला टेकूनच त्याचा ढीग लावला. दलालाचा दुसरा चहाही संपला. तिनं मूठभर पेंढा महाराणीपुढे धरला. महाराणीनं तोंड फिरवलं.

"चला काका, मला पुढे जायचंय," म्हणत दलाल उठला, महाराणीचा कासरा सोडून तिला अंगणात आणलं आणि तिथंच थबकला. टेम्पोत बांधलेली, दुसरीकडून आणलेली त्याची कालवड फळकुटावरून मान लांबवून खालचा पेंढा ओरबाडत होती. करकर, करकर!

महाराणीनं कान टवकारले. माझ्या अंगणात ही कोण भवानी? एका हिसक्यात दलालाच्या हातून कासरा सुटला. कालवडीला शिंगानं ढोसून महाराणीनं ढिगात तोंड खुपसलं ते खुपसलंच!

"खातेय! मामंजी, खातेय!" सून जागच्या जागी उड्या मारू लागली.

दलालानं हळूच खाली वाकून ओंजळभर पेंढा उचलला, हुंगला. "काका, थोडा माझ्या कालवडीला..."

"हात लावू नका!" सासरे दोन्ही हात पसरून ढिगापुढे उभे राहिले. "आमच्या जंतूंचं जेवण आहे ते!"