उजवीकडे, जरा वर

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे, आणि एके काळी मी एकट्याने अख्ख्या वस्तीतली झाडं आजारी पाडली होती. हे मी अभिमानाने सांगत नाही. मान खाली घालूनही सांगत नाही, कारण मला मान नाही. मला एक गोल काच, तिच्याभोवती पितळी कडं आणि एक लाकडी मूठ आहे. एवढ्यात जेवढं भागतं तेवढं मी भागवतो.

माझा जन्म काच घासण्याच्या कारखान्यात झाला. आम्ही एका ओळीत चाळीस जण होतो. कारागीर प्रत्येकातून स्वतःचा अंगठा बघायचा आणि अंगठ्यावरच्या रेषा नीट दिसल्या की "चांगलं आहे" म्हणून पुढे सरकवायचा. मलाही तो "चांगलं आहे" म्हणाला. बाकीच्या एकोणचाळीस जणांनाही म्हणाला, पण मला त्याच्या आवाजातला फरक कळला.

पहिली नोकरी मी एका घड्याळजीकडे केली. तो रोज सकाळी दुकान उघडलं की आधी मला मऊ फडक्याने पुसायचा, मग स्वतःचा चेहरा पुसायचा. फडकं वेगळं असायचं. पुढे लोक घड्याळ दुरुस्त करण्याऐवजी नवंच घेऊ लागले. घड्याळजीने दुकान बंद केलं आणि मला आपल्या मेहुण्याला देऊन टाकलं. मेहुण्याचं रोपांचं आणि बियाण्यांचं दुकान होतं. घड्याळाच्या दुकानात सगळं वेळेवर व्हायचं. इथे "येईल तेव्हा येईल" असा कारभार होता.

दुकान लांबट होतं. एका भिंतीला खताची पोती, दुसरीला बियाण्यांची पाकिटं, मध्ये कुंड्यांच्या उतरंडी आणि पाकिटांच्या पुढे दारापर्यंत गेलेला लांब काउंटर. काउंटरच्या दाराकडच्या टोकाला एका खिळ्यावर मला आखूड दोरीने बांधलं होतं, कारण माझ्याआधीचं भिंग कोणीतरी चुकून खिशात घालून नेलं होतं. दोरी इतकी आखूड होती की मला एकाच बाजूने धरता यायचं. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी ठेवली नव्हती, त्याचं पुढे काय झालं ते सांगतोच.

मेहुण्याला सगळे डॉक्टर म्हणायचे. ते काउंटरच्या आतल्या टोकाला बसायचे आणि काही तपासायचं असलं की उजेडाला माझ्यापाशी यायचे. त्यांचं शिक्षण विचारायची त्या दुकानात पद्धत नव्हती. घरी फळझाड लावलेला माणूस सुखी नसतो, आणि असे सगळे दुःखी लोक डॉक्टरांकडे यायचे. कोणाच्या पेरूला अळी, कोणाच्या डाळिंबाची फुलं गळतात, कोणाच्या पपईने नुसतीच उंची वाढवलेली. कोणी पान डब्यातून आणायचं, कोणी ओल्या कागदात गुंडाळून. एक बाई अख्खा पेरू कुंडीसकट रिक्षातून घेऊन आल्या, कारण पान तोडायला त्यांचा जीव होईना.

गिऱ्हाइकांचं वागणं मात्र बघण्यासारखं होतं. एक गृहस्थ कायम फोनवर बोलत यायचे आणि बोलता बोलता पान पुढे करायचे. डॉक्टर त्यांना खत सांगायचे आणि ते फोनवरच्या माणसाला "बरं, मग घाल" म्हणायचे. "फक्त एक विचारायचंय" म्हणणारे लोक सरळ पाच जणांच्या पुढे घुसायचे, जणू विचारणाऱ्याला उभं राहायला जागा लागत नाही.

याला शिस्त लावली कंडक्टर आजोबांनी. हे बसखात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. आत आले की पहिला प्रश्न, "शेवटचं कोण?" मग त्याच्या मागे उभे. दारात गर्दी झाली की म्हणायचे, "आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या." लोक मुकाट्याने ऐकायचे. एका गृहस्थांनी तर त्यांना "माझा स्टॉप आला की सांगा" असं सांगून ठेवलं होतं.

आजोबांचं दुःख म्हणजे लिंबू. निवृत्तीच्या दिवशी डेपोने त्यांना घड्याळ द्यायचं ठरवलं होतं. पण आता यांना वेळ बघून करायचंय काय, असं कोणीतरी म्हणालं आणि घड्याळाऐवजी गुडघ्याएवढं लिंबाचं रोप दिलं. तीस वर्षांच्या नोकरीचं एवढंच त्यांच्याकडे उरलं होतं. ते त्यांनी गच्चीवर एका मोठ्या ड्रममध्ये लावलं. चार वर्षं झाली, एक लिंबू नाही. ड्रमच्या बरोबर खाली घरमालकीणबाईंचं स्वयंपाकघर होतं, आणि छताला ओल आली होती. बाईंनी सांगून टाकलं होतं की या हंगामात लिंबू दिसलं तर ठीक, नाहीतर ड्रम खाली आणि झाड बाहेर.

आता माझ्याबद्दल. या दुकानात मला पुसायची पद्धत नव्हती. खताचे हात, चहाचे हात, मधूनच डॉक्टरांची पाठ. हो, माझ्या मुठीने ते पाठ खाजवायचे. मी तक्रार केली नाही. मग एकदा फळ्यांना तपकिरी रंग दिला गेला, आणि त्यातला एक शिंतोडा माझ्या काचेवर उडाला. उजवीकडे, जरा वर. मला तो कळला नाही. जगातलं सगळं मी मोठं करून दाखवतो, फक्त मला मी दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी माझ्यातून पेरूचं पान बघितलं आणि ते गंभीर झाले. पानावर तपकिरी डाग होता. मग डाळिंबाचं पान बघितलं. तिथेही डाग, त्याच जागी. संध्याकाळपर्यंत अकरा पानं झाली आणि अकराही पानांवर डाग उजवीकडे, जरा वर. डॉक्टर म्हणाले, "हा नवा रोग आहे. फार शिस्तीचा आहे."

मला तर आभाळ ठेंगणं झालं. घड्याळजीकडे मी फक्त चक्रं बघितली होती. इथे मी रोग शोधला होता.

डॉक्टरांनी राखाडी पावडर सुरू केली आणि डागाळलेली पानं खुडून टाकायला सांगितलं. कोणी विचारलं की घरी बघितलं तर डाग का दिसत नाही, तर ते म्हणायचे, "साध्या डोळ्यांना दिसायला लागल्यावर उपयोग काय?" लोक पावडर घेऊन घरी जायचे. एका ताईंना घाईत ओळखू न आल्याने त्यांनी दिवाणखान्यातल्या प्लॅस्टिकच्या झाडाचं पान आणलं. त्यावरही डाग निघाला. डॉक्टरांनी पानाला टिचकी मारून बघितली. मग म्हणाले, "प्लॅस्टिकलाही सोडत नाहीये." त्या रात्री त्यांनी माझ्यातून स्वतःचा अंगठा बघितला, आणि दुसऱ्या दिवसापासून अंगठ्याला पावडर लावून येऊ लागले.

कंडक्टर आजोबांनी डॉक्टरांचं तंतोतंत ऐकलं. तिकिटं फाडावीत तशी त्यांनी एकेक पान खुडलं. शिवाय आजाऱ्याला पाणी जास्त लागतं म्हणून रोज दोन बादल्या घालू लागले. झाड बोडकं होत गेलं. खालच्या छतावरची ओल आधी बशीएवढी होती, मग ताटाएवढी झाली, मग उघड्या छत्रीएवढी. शेवटी डॉक्टरांनी निकाल दिला की फांदीवर उरलेली पानं शनिवारी आणून दाखवा, डाग असेल तर रविवारी झाड उपटा, नाहीतर वस्तीभर पसरेल.

शनिवारी सकाळी दुकानात रांग होती. फोनवाले गृहस्थ होते, प्लॅस्टिकवाल्या ताई होत्या. सगळ्यात शेवटी कंडक्टर आजोबा, हातात पाकीट, पाकिटात तीन पानं. इतक्यात घरमालकीणबाई आल्या. त्या कोणावर विश्वास ठेवत नसत, म्हणून निकाल स्वतःच्या कानांनी ऐकायला आल्या होत्या. त्या तडक काउंटरकडे निघाल्या.

"बाई, रांग मागे आहे," आजोबा म्हणाले.

"मी तुमच्याच झाडाचं ऐकायला आलेय."

"झाडही रांगेतच आहे."

मित्रांनो, ज्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला त्याचं झाड जाणार होतं, त्याच रांगेचा नियम तो माणूस पाळत होता. बाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, आणि त्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

तिथे, शेवटच्या माणसाच्या शेजारी, खिळ्यावर मी होतो.

बाईंचे हात स्वस्थ राहत नसत. पाहुणा बसण्याआधी त्या खुर्ची पुसत, आणि तो उठल्यावर परत पुसत, पाहुण्यादेखत. रांग हलेना, तेव्हा त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "शी."

डॉक्टरांना ते लागलं. "ते तपासणीचं भिंग आहे, बाई. खेळणं नाही."

"मग धुऊन ठेवायला काय झालं?"

दुसऱ्याच्या दुकानात, दुसऱ्याची वस्तू, दहा माणसांदेखत पुसणं हे चांगल्या वागण्यात बसत नाही. पण बाईंनी माझ्यावर तोंडाची वाफ सोडली आणि रुमालाने मला असं घासलं की कारखाना आठवला. खत गेलं, चहा गेला, कितीतरी अंगठे गेले. एक ठिपका मात्र जाईना. बाईंनी नखाने तो खरवडला. तपकिरी रंगाची बारीकशी खपली काउंटरवर पडली. बाईंनी खपलीकडे बघितलं. मग फळीच्या रंगाकडे बघितलं. मग आजोबांच्या हातातलं पाकीट घेऊन तिन्ही पानं माझ्याखाली धरली, आधी सुलटी, मग उलटी.

त्या क्षणी खरं काय ते फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. बाईंनी खपली फुंकर मारून उडवली असती आणि गप्प बसल्या असत्या, तर रविवारी त्यांचं छत ओलीतून सुटलं असतं. मी त्यांचा डोळा फार जवळून बघत होतो. माझ्यातून डोळा बशीएवढा दिसतो, त्यात लपवायला जागा राहत नाही. तो डोळा एकदा वर, छताकडे गेला. मग परत पानांवर आला.

"पानं चांगली आहेत," बाई म्हणाल्या. "डाग काचेला होता."

फोनवाले गृहस्थ फोनमध्ये म्हणाले, "तुला नंतर करतो." हे वाक्य त्या दुकानात आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

डॉक्टर काउंटरमागून आले. त्यांनी माझ्यातून पेरू बघितला, डाळिंब बघितलं, आणि शेवटी स्वतःचा अंगठा. अंगठा बरा झाला होता. ते खताच्या पोत्यावर बसले.

प्लॅस्टिकवाल्या ताईंनी हळूच विचारलं, "म्हणजे माझंही झाड बरंय?"

"ठणठणीत," डॉक्टर म्हणाले.

पण मग लिंबू का लागत नाही, असं आजोबांनी विचारलं. बाई म्हणाल्या की ते त्या सांगतील. रोज सकाळी दोन बादल्या, त्यातली दीड ड्रमवरून सांडून त्यांच्या छतात मुरते आणि उरलेली ड्रममध्ये साचते, कारण ड्रमचं खालचं भोक बुजलं आहे. झाड आजारी नाही, बुडतंय. डॉक्टर मान हलवत म्हणाले की बरोबर आहे, लिंबाला अधूनमधून थोडे दिवस पाणी तोडावं लागतं, ताण बसला की फूल येतं.

"मग हे आधी का नाही सांगितलंत?" आजोबांनी विचारलं.

डॉक्टरांनी जरा वेळ पावडरीच्या डब्याकडे बघितलं. "डाग दिसत होता ना," ते म्हणाले. "म्हणून पाणी किती घालता ते विचारलंच नाही. आजोबा, चूक माझी आहे."

मग ते प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच म्हणाले, एकेकाला, रांगेतल्या क्रमाने.

बाईंनी झाडाला पुढच्या हंगामापर्यंत मुदत दिली, पण अट घातली की पाणी त्या सांगतील तेव्हाच. खालून झाडूच्या दांड्याने छताला दोनदा ठोकलं की घालायचं, एकदा ठोकलं की थांबायचं. आजोबांना हे समजावून सांगावं लागलं नाही. आयुष्यभर त्यांनी बस अशीच घंटी देऊन सोडली आणि थांबवली होती.

पुढे पालवी फुटली, मग फूल आलं, आणि एका सकाळी दोघं दुकानात आले. आजोबांनी "शेवटचं कोण?" विचारलं, बाई त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. नंबर आल्यावर बाईंनी रुमालातून एक लिंबू काढून ठेवलं. डॉक्टरांनी आधी मला पुसलं. आता माझ्या शेजारच्या खिळ्यावर एक फडकं असतं. मग त्यांनी लिंबू बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

लिंबावर डाग होता. उजवीकडे, जरा वर.

त्यांनी मला परत पुसलं. डाग तिथेच. त्यांचा अंगठा आपोआप खिशात गेला.

बाईंनी नखाने डाग खरवडला, तो पांढऱ्या भुकटीसारखा निघाला. "छताचा रंग आहे," त्या म्हणाल्या. "ओल वाळली, म्हणून काल स्वयंपाकघर रंगवून घेतलं. यांनी दिलं तेव्हापासून लिंबू ओट्यावरच ठेवलं होतं. येता-जाता दिसतं."

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. दुकानात गेलात तर शेवटचं कोण ते विचारा. कोणाच्या झाडात, घरात किंवा स्वभावात डाग दिसला, तर ज्यातून बघताय ते आधी पुसून घ्या. आणि कधी माझ्यासारखं एखादं जुनं भिंग हाती आलं, तर त्याने पाठ खाजवू नका. मी बोललो नाही, पण मला ते कधीच आवडलं नव्हतं.