खालचा माणूस

तेल लागलं आणि ओसाड किनाऱ्यावर शहर उभं राहिलं. बारा गावचं पाणी प्यालेली माणसं आपापला देव आणि आपापली भाषा घेऊन तिथे आली. एकेका गल्लीत तीन-तीन प्रार्थनाघरं, आणि दुकानात मीठ हवं असेल तर बोट दाखवावं लागे.

रिफायनरीत क्रेन चालवणाऱ्या बाईंना हे सगळं आवडायचं, पण उंबऱ्याबाहेर. लेकानं परभाषेतली, परधर्माची मुलगी पसंत केली तेव्हा त्यांच्या पायाखालची वाळूच सरकली. नकार द्यायचा तर समोरासमोर द्यावा, म्हणून त्या लेकाला घेऊन मुलीच्या घरी गेल्या.

मुलीचे वडील रिफायनरीतलेच, एवढंच ठाऊक होतं. दोघांमध्ये लेक दुभाष्या.

"घर केवढंसं आहे," बाई म्हणाल्या. लेकानं ते असं काही सांगितलं की घरची मंडळी खूश झाली.

"मी चार शब्द बोलले. तू एवढं काय सांगितलंस?"

"त्यांच्या भाषेत लांबतं, आई."

तेवढ्यात मुलीचे भाऊ जेवणाचं टेबल आणायला गेले आणि ते दारातच अडकलं. वडील उठले, मागे सरकले, हात वर केला. जरा डावीकडे. थांब. आता अलगद खाली.

बाई बघतच राहिल्या. आधी मनगट वळायचं, मग बोट. हा हात त्या झोपेतही ओळखतील. कित्येक वर्षं त्या वर केबिनमध्ये आणि हा खाली, चेहऱ्यावर गॉगल नि मास्क. यानं इशारा करायचा, बाईंनी भोंगा देऊन 'कळलं' म्हणायचं, मग लोखंड हलायचं. एकदा वाऱ्यानं टाकीचं झाकण झोकांड्या खायला लागलं, तेव्हा याच हातानं बाईंना आणि खालच्या पोरांना वाचवलं होतं. त्या हाताला त्यांनी कधी धर्म विचारला नव्हता.

"अरे, हे तर माझे खालचे!"

लेक भाषांतर करायला सरसावला. "तू गप्प बस," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तोंडानंच भोंगा दिला, "पों."

म्हातारा दचकला. त्यानं बोट छताकडे केलं, मग बाईंकडे. बाईंनी मान हलवली तसा तो डोळे पुसत हसायला लागला. पोरांना काहीच कळेना.

मग त्यानं कोपऱ्यात सरकून चोरासारख्या उभ्या राहिलेल्या लेकाकडे आणि मुलीकडे हात केला, मनगट वळवलं आणि बोट वर फिरवलं. उचलायचं?

सगळं घर बाईंकडे बघू लागलं. नकार द्यायला आलेल्या बाईंचा भोंगा खणखणीत वाजला.