उसने रडणे

रुईजूच्या लग्नाला तीन आठवडे उरले असताना थोरल्या बाई स्वतः मागच्या चौकात आल्या. अठरा वर्षांत त्या सूशिनच्या खोलीत दोनदाच आल्या होत्या. एकदा रुईजू जन्मली तेव्हा, तिसऱ्या दिवशी तिला उचलून न्यायला. आणि एकदा गळणारे छप्पर बघायला.

"बसा ना, ताईसाहेब," सूशिन उठून उभी राहिली.

थोरल्या बाई बसल्या नाहीत. गेल्या हिवाळ्यातल्या तापात त्यांचा आवाज जो बसला तो परत आलाच नव्हता. बोलल्या की कोणी वाळलेली पाने चुरडते आहे असे वाटे.

"पाठवणीचं रडणं तुला करावं लागेल," त्या म्हणाल्या.

शांघायच्या नदीपलीकडच्या त्या सगळ्या मुलखात मुलगी पालखीत बसण्याआधी आईने गाऊन रडायचे आणि मुलीने गाऊनच उत्तर द्यायचे, अशी रीत होती. आई जितकी रडेल तितकी सासरची भरभराट. म्हणून वरपक्षाची माणसे कान टवकारून ऐकत, आणि ज्या घरची आई मुकी राहील त्या घराची वर्षभर टिंगल होई.

"मी पुढे बसेन, तोंडाशी रुमाल धरून. तू लाकडी पडद्यामागे. रुमाल माझा, आवाज तुझा."

"रुईजूला माहीत आहे?"

"या घरात कुणाला माहीत नाही? प्रश्न तिच्या सासरच्या फू मंडळींचा आहे. त्यांना मुलगी माझी म्हणून सांगितलीय, लग्नाच्या लाल कागदावर तसंच लिहिलंय. रीतीनं खोटं नाही ते." थोरल्या बाई धाप लागून थांबल्या. "तिकडे माडीवर गायचीस तसं मात्र गाऊ नकोस. तुझा वास लागला तर पालखी रिकामी परत जाईल. चारचौघी बायका रडतात तसं रड. जमेल?"

"जमवीन."

सूशिन सात वर्षांची असताना विकली गेली होती. शांघायच्या चौथ्या रस्त्यावरच्या माडीवर तिला गाणे आणि पिपा नावाची वीणा वाजवणे शिकवले गेले, तिचे नाव झाले, आणि बाविसाव्या वर्षी कापसाचे व्यापारी छू यांनी तिला सोडवून या घरात आणले. तेव्हापासून ती धाकटी बायको. धाकटीला झालेले मूल थोरलीला आई म्हणते आणि जन्मदातीला मावशी. यात कोणाला काही वावगे वाटत नसे. रुईजूही म्हणे, "मावशी, जरा बाजूला व्हा." तिच्या बोलण्यात अदब असे. कधी उणा शब्द नाही.

रडायला शिकवले शेन म्हातारीने. ती घरातले कपडे धुई, आणि पंचक्रोशीत तिच्यासारखी रडणारी दुसरी नव्हती. सूशिनने पहिल्यांदा दोन ओळी म्हणून दाखवल्या तेव्हा म्हातारीने हातातले धुणे खाली ठेवले.

"अगं बाई, हे रडणं आहे की मेजवानी?"

"काय चुकलं?"

"चुकलं कुठं, तेच तर चुकलं! नाक चोंदू दे. मधेच दम तुटू दे. तू एका श्वासात अख्खा पूल ओलांडतेस. पोरगी चाललीय, कळतंय का?"

"चांगलं गायला शिकताना आठ वर्षं मार खाल्लाय, म्हातारे. वाईट गायला तीन आठवडे पुरतील?"

म्हातारी खोकत हसली. मग तिने सहज विचारले, "तुला दिलं तेव्हा तुझी आई काय म्हणून रडली होती? तेच धर की."

"तिला घाई होती. होडी सुटत होती."

म्हातारीने धुणे पुन्हा हातात घेतले आणि जरा जास्तच जोरात आपटले.

सूशिन रोज दुपारी नदीच्या घाटावर आवाज बिघडवत बसे. ओळी तिने स्वतः रचल्या: तुझी पहिली चप्पल मी शिवली, या हिवाळ्यात मी कुणासाठी कापूस पिंजू. चपला तिने खरोखरच शिवल्या होत्या. घातल्या गेल्या त्या थोरल्या बाईंच्या हाताने. पण तिचे सगळे लक्ष उत्तराकडे होते. मुलीच्या उत्तराचे प्रत्येक कडवे 'आई गं' या हाकेने सुरू होते. रुईजू ती हाक मारील, दोनशे माणसांसमोर मारील, आणि ती सूशिनच्या आवाजाला दिलेली असेल. एकदाच. हे तिने म्हातारीलाही सांगितले नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी ऊन चांगले वर आल्यावर पालखी दाराशी लागली. थोरल्या बाई लाल घागरा नेसून मधल्या खुर्चीवर बसल्या. सूशिनने पडद्याच्या फटीतून पाहिले. तोंडावर लाल ओढणी घेतलेली रुईजू, तिच्यामागे पाहुण्या बायका, उजवीकडे वरपक्षाची माणसे. सगळ्यांत पुढे मुलाचे चुलते, राजवट बदलल्यावर पाठीवरची लांब शेंडी नुकतीच कापलेली, म्हणून सारखे मानेवर हात फिरवणारे. थोरल्या बाईंनी रुमाल तोंडाशी नेला.

सूशिन रडू लागली. आवाज घोगरा लागला, दम हवा तिथे तुटला. दुसऱ्या ओळीला बायका डोळे पुसू लागल्या. पडद्याच्या टोकाशी उभी असलेली शेन म्हातारी मान डोलवत होती.

कडवे संपले. मग ओढणीखालून रुईजूचा बारीक, न शिकवलेला आवाज आला, "आई गं, तुझ्या दारातली वाट मी कशी विसरू..."

पुढचे सूशिनला ऐकूच आले नाही. तिची पाळी आली, तिने तोंड उघडले, आणि गळा तीन आठवड्यांचे सगळे विसरला. सूर वर चढला, तिथे न थरथरता थांबला, आणि एका श्वासात, पाणी उतारावरून यावे तसा खाली आला. आयुष्यात ती इतके चांगले कधी गायली नव्हती.

"वाहवा!" चुलत्यांनी मांडीवर थाप मारली. "काय गळा आहे! वीस वर्षांत ऐकला नव्हता. अगदी चौथ्या रस्त्यावर..." बायकोने वळून पाहिले तसे ते गप्प झाले.

पण शब्द निघून गेला होता. एक बाई फिसकन हसली. सगळ्यांच्या नजरा थोरल्या बाईंच्या रुमालाकडे गेल्या. "विहीणबाई, हे गाणं कुणाचं?" चुलतीने विचारले. लग्न जुळवणाऱ्या बाईचा चेहरा राखेसारखा झाला.

तेवढ्यात ओढणीखाली कोणी तरी खुदकन हसले. रुईजू होती.

"काका, तुम्हाला पारख आहे हं," ती म्हणाली. "आईचा आवाज तापात गेला. मला मुक्यानं निरोप द्यायचा तिच्या जिवावर आलं, म्हणून मुद्दाम शांघायहून गाणारी आणवली. भाड्याची आहे." आणि जराही न थांबता थोरल्या बाईंकडे वळून, "आई, तिला बिदागी दे ना. चांगली दे. मन लावून गातेय बिचारी."

चुलते मोकळे होऊन हसले. "असं आधी सांगायचं नाही का! मग आता रडणं पुरे. तिचं खरं गाणं होऊ दे एक!"

माडीवर एखाद्या पाहुण्याच्या तोंडून नको ते गेले तर पुढच्या श्वासाला ते हसण्यावारी नेणारी मुलगी हजारात एक निघे. तशी मुलगी सूशिनने तिथे पाहिली असती तर तिला जवळ बसवून शाबासकी दिली असती.

शेन म्हातारी लाल कागदाची पुडी घेऊन आली. तिने वर पाहिले नाही. सूशिनने पुडी दोन्ही हातांनी घेतली, आणि भाड्याची गाणारी म्हणते तसे पडद्याआडून मोठ्याने म्हटले, "मालकांची भरभराट होवो."

मग ती गायली. वसंतातल्या होड्यांचे एक जुने गाणे, माडीवर रोज गायचे ते. एकही सूर हलला नाही. लोक ताल धरून डोलले. डोळे कोणी पुसले नाहीत. दुसऱ्या कडव्यात भोयांची आरोळी आली आणि पालखी उचलली गेली. भाड्याच्या गाण्याला नवरीने उत्तर द्यायचे नसते, त्यामुळे कोणी थांबले नाही. गाणे अर्धवट टाकणे बरे दिसले नसते, म्हणून सूशिनने ते पुरे केले.

अंगण रिकामे झाल्यावर थोरल्या बाई पडद्यामागे आल्या.

"मी तुला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"पोरगी हुशार निघाली म्हणून निभावलं. कुणावर गेलीय कोण जाणे."

"तुमच्यावर, ताईसाहेब. वाढवलीत तुम्ही."

थोरल्या बाईंनी तिच्याकडे नीट पाहिले. टोमणा होता की काय ते त्यांना ठरवता आले नाही.

"परवा माहेरपणाला येतील दोघं," त्या म्हणाल्या. "चुलते बरोबर येणारच, त्यांना इथलं जेवण आवडलंय. त्यांनी तुझं तोंड पाहिलं नाही, पण आवाज ओळखतील. चहा द्यायला ये हवं तर. बोलायचं मात्र नाही. धाकटी जन्माची मुकी आहे, असं सांगणार आहे मी."

"आणि पुढे, ती येईल तेव्हा?"

"पुढेही. एकदा मुकी म्हटल्यावर मुकीच."

"रुईजूला हे..."

"तिनंच सुचवलं. पालखीत बसता बसता."

सूशिनने हो म्हणायला तोंड उघडले. मग नुसती मान हलवली.