मोरीतली सुई

अपेक्षा बॅग भरत होती, तेव्हा शकूने फ्रिजमधलं इन्सुलिनचं पेन उचलून कोथिंबिरीच्या पिशवीखाली दडवलं. साखरपुडा झालेल्या मुलीला पालखीसाठी रोह्याहून सासरचं बोलावणं आलं होतं. गडब गावात असं बोलावणं कुणी मोडत नाही.

"आई, पेन दे गो."

"सासूच्या घरात सुया टोचणार? गोड खाऊ नको, म्हंजे झालं."

"गोड नाय खाल्लं तरी लागतं ते. डॉक्टरांनी किती येळा सांगितलंय."

"तुझं लगीन डॉक्टर लावून देणार हायत का?"

अकराव्या वर्षापासून अपेक्षाच्या शरीरात इन्सुलिन बनत नव्हतं. दोन स्थळं तेवढ्यावरून मोडली. तेव्हापासून घरात पाहुणा आला, की ती मोरीत जायची, नळ सोडायची आणि मग सुई घ्यायची.

अपेक्षा पेनाशिवायच रोह्याला गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी होणाऱ्या जावयाचा, जितेशचा फोन आला. "मावशी, हिच्या उलट्या थांबत नायत. पेणला नेतोय, तुमी हायवेला येऊन ऱ्हावा."

गाडीत मागच्या सीटवर अपेक्षा आडवी पडली होती. ओठ सुकलेले, श्वास खोल आणि भराभर, तोंडाला पिकून सडलेल्या फळासारखा वास. पुढे बसलेली जितेशची आई अनिता म्हणाली, "पित्त खवळलंय वाटतं."

"व्हय, लहानपणापास्नं हाय तिला," शकू म्हणाली. अनिताने मान वळवताच तिने पदराआडून पेन काढलं, डोसचा आकडा फिरेल तेवढा फिरवला आणि लेकीच्या पोटात टोचलं. चुकलेल्या सगळ्या सुया तिला एकदम भरून काढायच्या होत्या.

पेणच्या हॉस्पिटलात रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टर ऋजुता बाहेर आल्या. "हिला डायबेटीस आहे. तुम्हाला माहीत होतं?"

अनिताने शकूचा दंड धरला होता. शकू म्हणाली, "नाय ओ. आताच ऐकतेय."

"रक्तात आम्ल साचलंय. त्यावर इन्सुलिनच द्यायचं, पण आत्ता देता येत नाही. उलट्यांतून, लघवीतून शरीरातलं पोटॅशियम निघून गेलंय, ते फार खाली आहे. इन्सुलिन उरलेलं पोटॅशियमही रक्तातून पेशींत ओढून नेतं. मग हृदय चालता चालता थांबू शकतं. आधी सलाइनमधून पोटॅशियम देते, ते वर आलं की इन्सुलिन."

शकू खोलीकडे वळली. काचेपलीकडे मॉनिटरवरची हिरवी रेघ वेडीवाकडी पळत होती. दंडावर अनिताचा हात तसाच होता, बांगड्यांसकट, आपलेपणाचा. सांगितलं तर हा हात सुटणार. नाही सांगितलं तर...

"दिलंय!" ती ओरडली. "गाडीत मीच दिलंय, इन्सुलिन! पेन पुरतं भरून! अकराव्या वर्षापास्नं घेते ती!"

डॉक्टर आत धावल्या. हात सुटला.

"ऐकतोस ना जितेश?" अनिता म्हणाली. "सुईवाली पोर गळ्यात मारत होते आपल्या!"

जितेश एकदा काचेकडे वळला, एकदा आईकडे. मग आईमागून जिना उतरला.

पोटॅशियम घाईने देता येत नाही. घाई केली तर तेही हृदय बंद पाडतं. थेंब पडत राहिले, शकू प्रत्येक थेंबाला हात जोडत राहिली. मधेच ती रेघ विस्कटली, आत माणसं धावली, कुणीतरी दार लावून घेतलं. दार पुन्हा उघडेपर्यंत शकू भिंतीला कपाळ टेकून उभी होती.

धोका टळून वॉर्डात आणल्यावर अपेक्षाने पहिलं विचारलं, "त्यांना कळलं का गो?"

"व्हय. मीच सांगितलं. गेले ते."

अपेक्षा छताकडे बघत राहिली. डोळ्यांतलं पाणी कानांत उतरलं. मग ती म्हणाली, "म्हंजे आता मोरीत जायला नको?"

शकूने कनवटीचं पेन काढून खाटेजवळच्या टेबलावर, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं.

"काय ओ ते?" शेजारच्या खाटेवरच्या बाईने विचारलं.

"पोरीचं इन्सुलिन," शकू म्हणाली. दारापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात.