पावसात धरलेला पत्रा

"खाली बस गं," बनाबाईने नातीची ओढणी ओढली. प्रेरणा काही बसली नाही.

वेल्ह्याच्या डोंगरातल्या त्या गावाची ग्रामसभा शाळेच्या पडवीत भरली होती. बौद्धवाडीतली माणसं नेहमीसारखी कडेला. सह्या करायच्या आणि उठायचं, एवढंच त्यांना ठाऊक. पण प्रेरणाला अठरा वर्षं पूर्ण झाली होती आणि मतदार यादीत नाव लागून महिनाही झाला नव्हता.

"स्मशानातली शेड गावाची ना, सरपंच? मग आमच्या आजोबांना ओढ्याकाठी का जाळावं लागलं?"

सात वर्षं झाली त्याला. धो धो पाऊस, चिता पेट धरीना. चौघांनी वर पत्रा धरायचा, तर चौथ्या कोपऱ्याला माणूस कमी पडलं. तिथे अकरा वर्षांची प्रेरणा उभी राहिली. पत्रा तापला, तळहाताला फोड आले, पण पोरीने कोपरा सोडला नाही.

"कुणी अडवलं व्हतं?" सरपंच धनाजीराव म्हणाले. "नाव सांग की!"

बनाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. त्या दिवशी शेडच्या वाटेवर आडवे उभे राहिलेले कुंडलिकराव पुढच्याच खुर्चीवर होते. उद्या त्यांच्याच खाचरात तिला भातलावणीला जायचं होतं. पोरीने नाव घेतलं, की साऱ्या वाडीचं काम तुटणार.

प्रेरणाने कुंडलिकरावांकडे पाहिलं. ते टोपी काढून उगाच झटकत होते.

"कुणीच अडवलं नसंल तर लई बरं," ती शांतपणे म्हणाली. "मग तसंच ठरावात लिवा. शेड समद्यांना मोकळी."

सरपंच शेजारच्या ग्रामसेवकाकडे बघू लागले. मराठ्यांच्या आळीतली फुलाबाई मागून खिदळली, "आता लिवा की सरपंच! पेन हाय, का देऊ?"

हशा पिकला. हात वर झाले. कुंडलिकरावांचा सगळ्यात शेवटी, खांद्यापर्यंतच, पण झाला. ग्रामसेवकाने ठराव लिहून मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा कुठे बनाबाईचा जीव भांड्यात पडला.

वाटेत तिने विचारलं, "कॉलेजात शिकवलं व्हय गं हे?"

"न्हाई, आज्जे. पत्रा धरला तवाच ठरलं व्हतं. यादीत नाव यायची वाट बगत व्हते."

"आता म्या मराया मोकळी."

"इतक्यात नगं. उद्या लावणी हाय."

बनाबाई पदर तोंडाला लावून हसली.

घरी आल्यावर ती मागच्या भिंतीकडे गेली. एका कोपऱ्याला काळवंडलेला तो पत्रा तिने पोत्यात गुंडाळून ठेवला होता, स्वतःच्या वेळेसाठी. कुणाला कधी बोलली नव्हती. तो ओढत आणून तिने कोंबड्यांच्या खुराड्यावर घातला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड ठेवला.